नऊ कुंड्यांतलं गवत

मुकादमाचं आणि गवताचं हाडवैर होतं. बत्तीस वर्षं तो त्या संशोधनाच्या बागेत माळ्यांचा मुकादम होता, आणि त्याच्या वाफ्यात आज दिसलेली गवताची काडी उद्याही तिथंच दिसली, असं बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं. खुरपं काय, सगळेच चालवतात. हा गडी गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन बसायचा आणि चिमट्यानं गवत उपटायचा, मुळासकट, एकेक काडी. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "मुकादमांच्या टकलावर केस का उगवत नाहीत माहीत आहे का? हिंमतच होत नाही त्यांची." मुकादम यावर हसायचा नाही, पण मनातून त्याला ते आवडायचं. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असतोच. कुणाला मुलाच्या मार्कांचा, कुणाला स्वतःच्या आवाजाचा. याला चाळलेल्या, मोकळ्या, काळ्याभोर मातीचा होता.

बाग म्हणजे काही शोभेची बाग नव्हे. रस्त्याकडेला उंच भिंत, मागे एक लांबलचक काचघर, आणि त्यात अशी झाडं, की ज्यांचं बाहेर फारसं काही उरलेलं नाही. कुणाचं जंगल तुटलेलं, कुणाचं तळं बुजवलेलं. तिथली निम्मी झाडं पेशंटच. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई होत्या. त्या वनस्पतींच्या डॉक्टर, पण डॉक्टर म्हटलं की लोक पाठदुखी सांगायला लागत, म्हणून सगळे नुसतं बाई म्हणत. चष्मा दोरीला अडकवलेला, डबा उभ्याउभ्या खायच्या, आणि झाडाशी बोलताना जितक्या मऊ बोलत तितक्या माणसांशी बोलत नसत.

त्या काचघराच्या टोकाला, लाकडी फळीवर, नऊ कुंड्या होत्या. त्यात दांडगी होती.

तिचं शास्त्रातलं नाव लांब होतं आणि उच्चारताना जीभ दोनदा अडखळायची. दांडगी हे नाव मुकादमानं दिलेलं. दोन वर्षांपूर्वी एक टेकडी खडीसाठी फोडायला घेतली होती. त्या टेकडीच्या उभ्या कड्यावर, जिथं मूठभर माती नाही की थेंबभर सावली नाही, तिथं ही वीतभर उंचीची झुडपं होती. खरखरीत पानं, वर जांभळी फुलं. ना शेळी तोंड लावायची, ना उन्हाचं काही वाटायचं. बाई कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरल्या आणि दोराचं दुसरं टोक मुकादमानं धरलं. खाली यंत्रं सुरू होऊन उभी होती, चालक घड्याळ दाखवत होते. "काय दांडगी जात आहे ही!" मुकादम वरून ओरडला होता. बाईंनी मूठभर बोंडं कागदाच्या पिशवीत भरली आणि त्या वर आल्या. आठवड्याभरात टेकडी राहिली नाही. नंतर बाईंनी आसपासच्या सगळ्या टेकड्या पालथ्या घातल्या, दांडगी कुठंच नव्हती. तिचं बी वर्षभरही टिकत नाही, म्हणून राखून ठेवायची सोय नव्हती. होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं, त्यातून नऊ रोपं उभी राहिली. दुसऱ्या वर्षी फुलणार, बी धरणार, आणि मग कुठल्या तरी दुसऱ्या कड्यावर नेऊन लावायची, असं ठरलं होतं.

बाईंनी त्या कुंड्यांना कुणाला हात लावू दिला नाही. "ह्या फक्त माझ्या," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुकादमानं ते पाळलं. पण त्याचा जीव एका गोष्टीनं खालीवर होत होता. प्रत्येक कुंडीत, दांडगीच्या बुंध्याशी, गवत होतं. बारीक, पिवळट, केसासारखं गवत. मुलीच्या बाळंतपणासाठी तो वीस दिवस रजेवर गेला होता, परत येऊन बघतो तर हे उगवलेलं. त्याला वाटलं, कड्यावरच्या बोंडांबरोबर गवताचं बी आलं असणार. आज काढतील, उद्या काढतील म्हणून तो बघत राहिला. बाई काही काढेनात. इतकं शिकलेलं माणूस, भिंगातून परागाचा कण बघतं, आणि ढळढळीत गवत दिसू नये? पण विचारायचं कसं? बाईंना "तुम्हाला गवत दिसत नाही का" असं विचारणं म्हणजे त्यांच्या साडीला डाग आहे म्हणून सांगण्यासारखं. तो गप्प बसला. दोन वर्षं ते गवत त्याच्या डोळ्यात खुपत राहिलं.

मग बाईंच्या आई घरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आई लांबच्या गावी, बाईंशिवाय त्यांना कुणी नाही. सहा आठवडे तरी जावं लागणार होतं. निघायच्या दिवशी बाईंनी मुकादमाला काचघरात बोलावलं आणि एक कागद त्याच्या हातात दिला. एक दिवसाआड कपभर पाणी. खत अजिबात नाही. दुपारी बारा ते तीन पडदा. बाकी जसं आहे तसं.

"मुकादम, ही आता तुमच्या हाती," बाई म्हणाल्या. "महिन्याभरात कळ्या येतील. तुम्ही आहात म्हणून मी जाऊ शकते. दुसऱ्या कुणावर सोडलं असतं तर मला तिथं झोप लागली नसती."

दोन महिन्यांनी मुकादम निवृत्त होणार होता. बत्तीस वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. "निर्धास्त जा बाई," तो म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून बघतो."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोत्याची घडी, चिमटा आणि बायकोची स्वेटर विणायची सुई घेऊन काचघरात गेला.

आता यात त्याचं काय चुकलं, ते सांगा. कागदावर लिहिलेलं सगळं त्यानं पाळलंच असतं. पण स्वच्छता ही काय लिहून देण्याची गोष्ट आहे? जेवायच्या आधी हात धुवा असं कुणी पाहुण्याला चिठ्ठी देऊन सांगतं का? झाड आपल्या हाती दिलं म्हणजे आपल्या पद्धतीनं ठेवायचं, असा त्याचा सरळ हिशेब. शिवाय बाई परत येतील आणि कुंड्या बघून म्हणतील, अरेच्चा, केवढं रान माजलं होतं, ही गोष्टही त्याच्या मनात होती. नाही कशाला म्हणायचं?

सुईनं माती अलगद सैल करायची, काडीच्या बुडाशी चिमटा लावायचा, आणि न तोडता, न झटकता, गवत मुळासकट ओढून काढायचं. दांडगीच्या एका पानालाही त्यानं धक्का लागू दिला नाही. मुळं फार लांब होती आणि एकमेकांत गुंतल्यासारखी होती. सोडवताना कुठं कुठं अगदी हलकेच तुटल्यासारखं वाटायचं. आठ कुंड्या करायला चार तास लागले. नवव्या कुंडीला हात घातला तेवढ्यात वॉचमन धावत आला, पुढच्या वाफ्यांजवळ पाइप फुटला होता. मुकादमानं घाईघाईनं कात्रीनं त्या कुंडीतलं गवत वरच्यावर कापलं, मुळं उद्या काढू म्हणाला, आणि गेला. पुढचे दोन दिवस त्या पाइपातच गेले आणि नववी कुंडी त्याच्या डोक्यातून निघून गेली.

चार दिवस कुंड्या अशा लख्ख दिसत होत्या की त्यात तोंड बघावं. पाचव्या दिवशी दुपारी दांडगीची पानं मऊ पडली.

मुकादमाला वाटलं, ऊन जास्त झालं. त्यानं पडदा अकरालाच ओढला. सहाव्या दिवशी पानं संध्याकाळीही सावरली नाहीत. त्यानं कपाऐवजी सव्वा कप पाणी दिलं, मग भीती वाटून पुढच्या वेळी पाऊण दिलं. खोडाला कीड लागली का म्हणून भिंग घेऊन बघितलं. कुंडीचं बूड तपासलं, पाणी साचत नव्हतं. काचेच्या झडपा उघडल्या, वारा लागतो म्हणून लावल्या, परत उघडल्या. जे जे येत होतं ते ते करून झालं. आणि हे सगळं त्या झाडाबाबत, जे कड्यावर वाऱ्यावादळात कुणाच्या मदतीशिवाय उभं होतं! मुकादमाला झाडाचा रागच आला. "अगं, दगडात जगलीस," तो तिला म्हणाला, "आणि इथं मी पुढंमागं करतोय तर तुला काय झालं?"

आठव्या दिवशी बाईंचा फोन आला. मागे कुणीतरी कण्हत होतं.

"कशा आहेत?" बाईंनी विचारलं.

मुकादमाच्या समोर आठ कुंड्यांत आठ झाडं माना टाकून होती. नववी तेवढी ताठ होती, पण तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"छान आहेत," तो म्हणाला. "तुम्ही आईंकडे बघा. इकडची काळजी सोडा."

तो खोटारडा माणूस नव्हता. पण आईच्या उशाशी बसलेल्या बाईंना काय सांगायचं? आणि मनातून अजून वाटत होतं की उद्या सकाळी येईन आणि पानं उभी दिसतील. असं वाटण्यात आणखी पाच दिवस गेले. पहिल्या कुंडीतली दांडगी तपकिरी झाली. मग तिसऱ्या आणि सहाव्या कुंडीतली. त्या दिवशी घरी बायकोनं भाजी वाढली तर तो ताटाकडे बघतच बसला. "अहो, काय झालंय?" तिनं विचारलं. "काही नाही," म्हणाला. ती म्हणाली, "तुमचं हे 'काही नाही' मला तीस वर्षं माहीत आहे."

तेराव्या दिवशी त्यानं स्वतःच फोन लावला.

"बाई, मी खोटं बोललो," त्यानं सुरुवातच तशी केली. "तीन गेली. पाच जायच्या बेतात आहेत. कागदावरचं सगळं केलं बाई, एक अक्षर सोडलं नाही. काय होतंय तेच कळेना."

बाईंनी एकेक विचारलं. पाणी? खत? पडदा? कीड? मुकादम उत्तरं देत गेला. सगळी उत्तरं बरोबर होती.

"गवत कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"गवत?" मुकादमाला क्षणभर बरं वाटलं, निदान एवढी एक गोष्ट तरी त्यानं न सांगता केली होती. "गवत पहिल्याच दिवशी काढलं बाई. मुळासकट. एक काडी ठेवली नाही."

"ते मी लावलं होतं, मुकादम," बाई म्हणाल्या.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. दांडगीला स्वतःच्या मुळांवर पुरेसं पाणी ओढता येत नाही. तिची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी आणि पोषण घेतात. कड्यावर ती एकटी कधीच नव्हती, त्या भेगांमध्ये हेच केसासारखं गवत होतं. मुकादम रजेवर होता तेव्हा बाईंनी ते प्रत्येक कुंडीत पेरलं होतं. मुळं एकमेकांना धरायला वर्ष गेलं.

"मला सांगायचं होतंत," मुकादम म्हणाला.

"दोन वर्षं तुम्ही त्या गवताला हात लावला नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही! मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं तर तुम्ही एक दिवस तरी ठेवलं असतंत का? तुम्ही जाणते आहात, तुम्हाला काय सांगायचं, असं वाटलं."

आणि मुकादम दोन वर्षं त्यांना काय विचारायचं म्हणून गप्प बसला होता. आदर दोन्हीकडून होता, आणि त्या आदरानं दोघांची तोंडं शिवून ठेवली होती.

"परत लावू का?" त्यानं विचारलं.

"लावा," बाई म्हणाल्या. "जुनी मुळं तुटलीत, नवी धरायला वेळ लागतो. पण लावा. आणि हे बघा, आता किती का राहीनात. हिला स्वतःच्या फुलाचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. दोन हवीत. दोन झाडं एका वेळी फुलली तरी मी ही जात वाचवीन. दोनच, मुकादम."

तो आधी खताच्या ढिगाकडे धावला. त्यानं टाकलेल्या गवताचा तिथं वाळून चुरा झाला होता. मग तो बागेत गवत शोधायला निघाला. वॉचमनला वाटलं मुकादमाचं काहीतरी हरवलंय. त्यानं वाफे पालथे घातले, काचघराच्या मागची फट बघितली, पाण्याच्या टाकीखाली आडवा होऊन बघितलं, पायवाटेच्या फरशांमधली चीर न् चीर तपासली. अख्ख्या बागेत गवताची एक काडी नव्हती. बत्तीस वर्षांची मेहनत होती ती, वाया कशी जाईल? मुकादम टाकीपाशी मटकन बसला आणि त्याला रडू आलं. वॉचमन जवळ आला, थट्टा करायला तोंड उघडलं, आणि न करताच परत गेटवर गेला.

शेवटी गवत सापडलं ते भिंतीबाहेर, रस्त्याच्या गटाराकाठी, बस थांब्याच्या मागे. केसासारखं, पिवळट, तेच. थांब्यावरची माणसं बघत होती आणि साठीचा माणूस गटाराकाठी गुडघे टेकून, सुईनं माती सैल करून, एकेक काडी ओल्या फडक्यात ठेवत होता. "काही औषधी आहे का?" एका बाईनं विचारलं. "हो," मुकादम म्हणाला.

कुंड्यांपाशी येऊन त्यानं पहिल्यांदा नवव्या कुंडीकडे नीट बघितलं. तिथं कापलेलं गवत बोटभर परत फुटलं होतं आणि दांडगी अशी उभी होती जणू तिच्या शेजारी काही घडलंच नाही. म्हणजे जिथं त्यानं कामचुकारपणा केला होता, तेवढंच काय ते जगलं होतं. त्यानं खाली मान घालून बाकीच्या पाच जिवंत कुंड्यांत गवत लावलं.

गवत जोमानं लागलं. ते कुठंही लागतं. पण दुसरी, पाचवी, सातवी आणि आठवी कुंडी दोन आठवड्यांत गेली. उरली नववी, आणि तिच्याबरोबर चौथी. चौथीची खालची पानं गळली होती, पण शेंडा हिरवा होता. मुकादम तिच्यासाठी सकाळी सहाला यायचा आणि अंधार पडला की वॉचमनला त्याला हाताला धरून बाहेर काढावं लागायचं. करायला तर काहीच नव्हतं. पाणी एक दिवसाआड कपभर, बस्स. हात मांडीवर ठेवून बसायचं. ज्या माणसाचे हात कधी रिकामे राहिले नाहीत, त्याला ते हात कुठं ठेवावे हेच कळत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात नववीला अकरा कळ्या आल्या. आणि तीन दिवसांनी चौथीला एक आली.

मुकादमानं लगेच बाईंना फोन केला. "एक पुरे," बाई म्हणाल्या. "मुकादम, एक फूल पुरे. मी येते. आईला सांभाळायला एक मदतनीस मिळाली आहे, मी शुक्रवारी पोचते."

मंगळवारी कळी जोंधळ्याच्या दाण्याएवढी होती. बुधवारी तिच्या टोकाला जांभळा रंग दिसला. गुरुवारी सकाळी चौथीचा शेंडा झुकलेला होता. दुपारपर्यंत अख्खं झाड मान टाकून पडलं. मुकादमानं शेजारच्या गवताला पाणी घातलं, झाडावर ओलं फडकं धरलं, आपल्या अंगाची सावली केली. "एक दिवस," तो म्हणत होता, "एकच दिवस गं." संध्याकाळी खोड खालून काळं पडू लागलं, तेव्हा त्यानं कळीचा देठ कापला आणि पेल्यात पाणी घालून त्यात ठेवला. फुलवाल्याकडची फुलं नाही का पाण्यात उमलत?

शुक्रवारी बाई बॅग खांद्यावर घेऊन स्टेशनवरून थेट काचघरात आल्या. पेल्यातली कळी अर्धी उमलली होती. फिकट होती, पण उमलली होती. मुकादम बाजूला उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला, भिंग काढलं, सुईच्या टोकानं पाकळी बाजूला केली आणि आत बघितलं. खूप वेळ बघितलं. मग काळ्या कागदाच्या तुकड्यावर ती कळी हळूच झटकली आणि कागद उजेडाकडे धरला. कागदावर काही नव्हतं.

"धरलाच नाही पराग," त्या म्हणाल्या. "तेवढी ताकद उरली नव्हती तिच्यात."

"बाई, मला बोला," मुकादम म्हणाला. "काहीतरी बोला मला."

"काय बोलू?" बाई खाली फरशीवरच बसल्या. "मी एक वाक्य लिहायला हवं होतं कागदावर. चार ओळी लिहिल्या, पाचवी लिहिली नाही. तुमचा काय दोष?"

त्याला दोष हवा होता. तोही त्याला मिळाला नाही.

रविवारी नववी फुलली. अकराच्या अकरा फुलं, गर्द जांभळी, अशी की काचघराच्या दारातून दिसावीत. बागेचे साहेब आले, त्यांनी पाहुण्यांना आणलं. नामशेष झालेलं झाड आपल्याकडे फुललं म्हणून सगळे खूश. आठ गेली त्याचं वाईट वाटलं त्यांना, पण साहेब म्हणाले, एक तर एक, काय देखणं आहे! ते फोटो काढायचे तेव्हा बाई बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. रोज सकाळी त्या एक बारीक ब्रश घेऊन एका फुलावरून दुसऱ्या फुलावर फिरवायच्या. होणार नाही हे माहीत असून फिरवायच्या, आणि मुकादम ते बघत उभा राहायचा.

दहा दिवस झाले, फुलं तशीच होती. पंधरा झाले, तरी तशीच. "मुकादमांचा हात लागला की फूल पण कोमेजायला घाबरतं," वॉचमन म्हणाला. मुकादमालाही नवल वाटलं आणि त्यानं बाईंना विचारलं.

"पराग मिळाला की हिचं फूल दोन दिवसांत मिटतं," बाई म्हणाल्या. "पाकळ्या गळतात, खाली बोंड धरतं. नाही मिळाला, तर थांबतं."

"किती दिवस?"

"झाडात दम असेल तितके."

दम तिच्यात होता. तेव्हापासून मुकादम सकाळी आला की पहिल्यांदा फुलं मोजायचा. उभ्या जन्मात त्यानं फूल टिकावं म्हणून धडपड केली होती, आणि आता तो रोज मनातल्या मनात विनवत होता की एक तरी गळू दे. ब्रशनं कधी चुकून जमलंही असेल. दहा दिसू देत. पण मोजली की अकरा भरायची.

सव्विसाव्या दिवशी त्याचा निरोपसमारंभ होता. बायको पहिल्यांदाच बागेत आली होती. साहेबांनी भाषणात दांडगीचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, आणि फोटोसाठी सगळे काचघरात आले. मुकादमाला कुंडीशेजारी उभं केलं. बाई शेवटच्या रांगेत होत्या, दाराकडे तोंड करून.

"अहो, ही का ती?" बायको त्याच्या कानाशी म्हणाली. "मला कधी काही बोलला नाहीत ते." तिनं पुढं वाकून एका फुलाला हळूच बोट लावलं.

मुकादमानं श्वास रोखला.

पाकळी जागची हलली नाही.

"किती घट्ट आहे हो," बायको कौतुकानं म्हणाली.